गेलेल्याचं पदक

मेल्या माणसाच्या छातीवर पदक लावता येत नाही. तरी सरकार मरणोत्तर पदक देतं, लोक टाळ्या वाजवतात, पेपरात फोटो येतो. हे सगळं कुणासाठी?

कात्रजच्या माणसाला हा प्रश्न पडायला फार लांब जावं लागत नाही. घाट ओलांडला की रस्ता साताऱ्याला जातो. त्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तोच रस्ता पुढं बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला जातो. लहानपणी ह्या रस्त्यानं मिलिटरीच्या गाड्या निघाल्या की आम्ही बांधावर उभं राहून हात करायचो.

परवा नातवानं विचारलं, "आबा, जो गेला त्याला काय कळणार हाये? मग पदक कशाला?" पोरगं उर्मटपणानं बोललं नव्हतं. मी त्याला यशवंत घाडग्यांची हकिगत सांगितली.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्यांचं गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक. वय बावीस. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी जर्मनांच्या मशीनगनच्या माऱ्यात अगदी जवळून सापडली. बरोबरचे सगळे पडले, काही ठार, काही जखमी. एकटे घाडगे उभे राहिले. ते धावत गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तर बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनंच हाणलं. मोर्चा हातात आला आणि लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता इथं एक गाठ आहे. पदक इंग्रजाच्या राजाचं. 'चले जाव'ला दोन वर्षं होत होती. गांधीजी आमच्याच पुण्यात, आगाखान पॅलेसात कैदेत होते, ते मे महिन्यात सुटले. जुलैत घाडगे त्याच राजाच्या फौजेत लढताना गेले. म्हणून काही जण म्हणतात, ही गुलामीतली बहादुरी, तिचं कौतुक कशाला?

मला हे पटत नाही. विहीर कुणाच्याही मालकीची असो, बुडत्याला काढायला जो उडी टाकतो, त्याची उडी विहीरमालकाच्या खात्यावर लागत नाही. राज्य राजाचं होतं, धाडस घाडग्यांचं होतं. समोर हिटलरची फौज होती, हेही विसरू नये.

दुसरी गाठ जास्त अवघड. मशीनगनवरचे तेही कुणाचे तरी लेकच होते. मग सन्मान कशाचा, जीव घेतल्याचा? माझ्या बुद्धीला वाटतं ते असं: जीव घेणारे लढाईत पुष्कळ असतात. सगळे सोबती पडल्यावर हा गडी जमिनीला चिकटून राहिला असता तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती. तरी तो उठला. सन्मान त्या उठण्याचा आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळ आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो असं त्याचं ब्रीद आहे. ज्या मातीत लढाई झाली, तिथल्या लोकांना हेच सांगावंसं वाटलं.

आपल्याकडं हे नवीन नाही. महाराष्ट्रात कितीतरी गावांत देवळाजवळ नाहीतर शिवेवर वीरगळ असतात. खाली लढाई, बऱ्याचदा पळवून नेलेल्या गाईंसाठीची, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर तो शिवपिंडीपुढं बसलेला, शेंड्याला चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नावसुद्धा नसतं. नाव विसरलं तरी लोक शेंदूर लावतात, कारण आपली गुरं वाचवताना कुणीतरी गेलं एवढं त्यांना ठाऊक असतं.

म्हणून नातवाला म्हणालो, "गेलेल्याला काही कळत नाही, हे तुझं खरं. पदक राहिलेल्यांसाठी असतं." घाडग्यांचं पदक स्वीकारलं ते त्यांच्या पत्नीनं. धातूचा तो तुकडा घरात आला, घरधनी आला नाही. त्या बाईपुढं टाळ्या वाजवून आपण मोकळे झालो असं कुणी समजू नये.

मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो. पुढं ती अंगमेहनतीनं फेडायची असते. देशानं एका घरातून एवढी मोठी उचल घेतली, त्याची पावती म्हणजे पदक. फेड पुढंच असते. शहीद जवानाच्या बायकोला पेन्शनच्या कागदासाठी हेलपाटे घालावे लागू नयेत. भाऊबंदांनी तिच्या वाट्याची जमीन दाबू नये. परत लग्न करायचं का नाही, हे तिचं तिनं ठरवावं, गावानं नाही. पोरांची शाळा पैशापायी सुटू नये. ज्या गावात एवढं सांभाळलं जातं, तिथं पदक शोभतं. नाही तर चौकातल्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो, आणि त्याच गल्लीत ती बाई उधारीवर किराणा आणत असते.