आधी काम, मग वाक्य

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचा अभ्यासक्रम आखायचा असेल, तर सुरुवात इंग्रजीपासून करू नये. विद्यार्थ्याला जे काम करायचे आहे तिथून करावी. काम ठरले की त्याला लागणारी वाक्ये पुढे येतात आणि व्याकरण त्या वाक्यांच्या मागोमाग येते. या लेखाचे सूत्र एवढेच आहे. ऐकायला सोपे वाटते, पण आपले बहुतेक अभ्यासक्रम नेमके याच्या उलट बांधलेले असतात, म्हणून हे सूत्र सावकाश उलगडून पाहायला हवे.

आधी विद्यार्थी कोण ते पाहू. मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण, महाबळेश्वरच्या घाटाखालचे, वेण्णाकाठचे. इथला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकतो. हायस्कूलला गणित-विज्ञान सेमी-इंग्रजीतून मिळाले तर मिळाले. अकरावी सायन्सला सगळे विषय एकदम इंग्रजीतून अंगावर येतात. मग सीईटी, आणि मग सातारा, कराड, सांगली नाहीतर पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे प्रथम वर्षाच्या वर्गात बसलेल्या या मुलाने बारा वर्षे इंग्रजी हा विषय केलेला असतो. काळांचे तक्ते त्याने कितीदा तरी लिहिलेले असतात, कर्तरी-कर्मणी प्रयोग बदलून मार्क मिळवलेले असतात. तरी फळ्यापाशी उभे राहून चार वाक्ये बोल म्हटले की त्याचा घसा कोरडा पडतो. त्याच्यापाशी नियम आहेत. त्या नियमांना आजवर करायला काम मिळालेले नाही.

घाट चढून वर गेले की पाचगणी. तिथे इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळा शंभर वर्षांहून जुन्या आहेत. तिथले मूल जेवताना, खेळताना, भांडताना इंग्रजी वापरते, म्हणून ती भाषा त्याच्या अंगवळणी पडते. मेढ्याच्या मुलाला अठराव्या वर्षी ते बालपण देता येणार नाही. पण इंजिनिअरिंग कॉलेज त्याला दुसरे काही देऊ शकते, जे कोणत्याही निवासी शाळेजवळ नसते: प्रयोगशाळा, वर्कशॉप, सर्व्हे कॅम्प, प्रोजेक्ट. इंग्रजीला करायला काम हवे होते, ते इथे पडलेले आहे. अभ्यासक्रमाने ते उचलायचे आहे.

आता सध्या काय असते ते पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पदवीचा आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजीचे सहा घटक आहेत: शब्दसंपत्ती, लेखनाची मूलभूत कौशल्ये, लेखनातील नेहमीच्या चुका, सुबोध लेखनाची शैली, लेखनाचा सराव आणि मौखिक संवाद. आठवड्याला दोन तास व्याख्यान, दोन तास प्रात्यक्षिक, तीन श्रेयांक. यातला एकही घटक निरुपयोगी नाही. पण ही यादी इंग्रजीच्या अंगाने केलेली आहे. उपसर्ग-प्रत्यय आले, समानार्थी शब्द आले, उपपदे आणि शब्दयोगी अव्यये आली, निबंध आला. हे कोणत्याही शाखेच्या, कोणत्याही देशातल्या विद्यार्थ्याला लागू पडेल, आणि म्हणूनच काँक्रीट मिसळणाऱ्या किंवा लेथ चालवणाऱ्या आपल्या मुलाला ते आपले वाटत नाही.

याच्या उलट बाजूने निघाले तर काय होते, हे एका प्रयोगावर पाहू. सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेला प्रयोग म्हणजे स्लम्प टेस्ट. ओल्या काँक्रीटचा कामासाठीचा सैलपणा मोजायची ही चाचणी. ३०० मिलिमीटर उंचीचा, तळाला २०० आणि तोंडाला १०० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी साचा. तो आतून तेल लावून सपाट पत्र्यावर ठेवायचा, काँक्रीट थराथराने भरायचे, प्रत्येक थराला १६ मिलिमीटर जाडीच्या सळईने पंचवीस ठोसे द्यायचे, वरचा भाग थापीने सारखा करायचा, साचा सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती खचले ते मिलिमीटरमध्ये मोजायचे. सगळे मिळून काही मिनिटांचे काम.

हेच काम एखादी मुलगी शेजारच्या मुलाकडून करून घेते आहे असे समजा. तिला सूचना द्याव्या लागतील: फिल द मोल्ड, लिफ्ट इट स्लोली. इथे आज्ञार्थ आला, आणि इंग्रजीतले हे सगळ्यात सोपे रूप आहे. प्रयोग संपला, जर्नल लिहायचे आहे. आता 'द मोल्ड वॉज फिल्ड'. शाळेत जो कर्मणी प्रयोग निव्वळ मार्कांसाठी उलटसुलट केला, तो कशासाठी असतो हे इथे पहिल्यांदा कळते: कोणी भरले याला महत्त्व नाही, काय केले गेले याला आहे. दुसऱ्या गटाचे काँक्रीट जास्त खचले, म्हणजे तुलना आली. का खचले? पाणी जास्त झाले. कारण सांगणारी वाक्यरचना आली. पाणी आणखी वाढवले तर काय होईल? जर-तर आले. मग काय करावे? शिफारस आली. आणि शेवटी सगळ्यांत अवघड वळण येते. साइटवर काँक्रीट लवकर ओतले जावे म्हणून कोणीतरी ड्रममध्ये पाण्याची बादली वाढवतो. पाणी वाढले की मजबुती घटते, हे इंजिनिअरला माहीत आहे. त्याने गवंड्याला मराठीत थांबवायचे आहे आणि ठेकेदाराला इंग्रजीत पत्र लिहायचे आहे, ठाम तरीही सभ्य. नकार सभ्यपणे देणे हे कोणत्याही भाषेतले वरच्या इयत्तेचे कौशल्य आहे.

एका प्रयोगातून सूचना, वर्णन, तुलना, कारण, अट, शिफारस आणि नकार अशा सात पायऱ्या निघाल्या, त्याही सोप्याकडून अवघडाकडे, आणि हा क्रम कोणा व्याकरणकाराला ठरवावा लागला नाही. अभ्यासक्रम म्हणजे मुळात हा क्रमच. मेकॅनिकलला लेथवरचा जॉब घ्या, इलेक्ट्रिकलला ट्रान्सफॉर्मरची चाचणी घ्या, कॉम्प्युटरला प्रोग्राममधला बग शोधून सहकाऱ्याला कळवणे घ्या. पायऱ्या त्याच राहतात, सामग्री बदलते.

काम आणि कारण यांची सांगड घालून शिकवणे आपल्या मातीला नवे नाही. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर समर्थ रामदासांचे अखेरचे वास्तव्य होते. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे कसे काढावे, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, हे त्यात हातात लेखणी धरून शिकवल्यासारखे येते. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी असे सांगताना कारणही दिले आहे: कडा झडल्या तरी अक्षरे शाबूत राहतात. नियमाला लागून त्याचे कारण आले की नियम पाठ करावा लागत नाही.

अलीकडच्या काळात हाच विचार भारतातच एका मोठ्या प्रयोगातून पुढे आला. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास आणि दक्षिणेतल्या इतर ठिकाणच्या शाळांत मुलांना व्याकरणाचे धडे न देता कोडी सोडवायला दिली: रेल्वेचे वेळापत्रक वाचून कोणती गाडी घ्यावी ते सांगा, नकाशावरून रस्ता शोधा. मुलांचे लक्ष उत्तराकडे लागले आणि इंग्रजी त्या ओघात वापरली गेली. पुढे जगभर 'टास्क'वर आधारलेल्या भाषाशिक्षणाचा जो बोलबाला झाला, त्याच्या मुळाशी हा बंगळूर प्रकल्प आहे. १९८७ साली हचिन्सन आणि वॉटर्स यांनी विशिष्ट हेतूसाठीच्या इंग्रजीवर लिहिताना विद्यार्थ्याच्या गरजेचे तीन भाग केले: कामाला काय लागते, त्यातले विद्यार्थ्याला काय येत नाही, आणि त्याला स्वतःला काय हवे आहे. आपला अभ्यासक्रम बहुधा मधल्या भागावरच थांबतो. काय येत नाही याची यादी लांबलचक असते, कामाला काय लागते याची यादी कोणी केलेलीच नसते.

आता शंका घेऊ. पहिली शंका अशी, की पाया कच्चा आहे, आधी व्याकरण पक्के करू, कामाचे इंग्रजी नंतर पाहू. याचे उत्तर त्या बारा वर्षांत आहे. जे बारा वर्षांत पक्के झाले नाही ते त्याच पद्धतीने एका सत्रात होणार नाही. व्याकरण शिकवावे, जरूर शिकवावे, पण विद्यार्थ्याला त्याची गरज भासेल त्या क्षणी. जर्नलमधले वाक्य अडले की कर्मणी प्रयोगाची दहा मिनिटे सोन्याची ठरतात.

दुसरी शंका: नोकरीच्या मुलाखतीचे काय? मुलांना आणि पालकांना तीच चिंता असते, आणि ती खरी आहे. पण मुलाखतीत समोरचा माणूस हमखास विचारतो, तुमचा प्रोजेक्ट समजावून सांगा. ज्याने चार वर्षे आपले काम इंग्रजीत समजावून सांगितले आहे, त्याला या प्रश्नासाठी वेगळी तयारी लागत नाही. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या आणि कॉलेजात ज्याची सगळ्यांना धास्ती असते त्या एनबीएच्या बारा फलितांच्या यादीत संवाद हे दहावे होते, आणि त्यात परिणामकारक अहवाल लिहिण्याबरोबर स्पष्ट सूचना देणे आणि घेणे हेही होते. सूचना देणे-घेणे ही तर आपल्या स्लम्प टेस्टची पहिलीच पायरी.

तिसरी शंका सगळ्यांत व्यवहार्य आहे: हे शिकवणार कोण? इंग्रजीच्या प्राध्यापकांना काँक्रीट कळत नाही, काँक्रीटच्या प्राध्यापकांना भाषा शिकवायची नसते. माझे म्हणणे असे की इंग्रजीच्या प्राध्यापकांना काँक्रीट न कळणे हीच या अभ्यासक्रमाची ताकद आहे. वर्गात एरवी विद्यार्थी जे बोलतो ते शिक्षकाला आधीच माहीत असते, म्हणून ते बोलणे खोटे असते. इथे विद्यार्थ्याला माहीत आहे आणि शिक्षकाला जाणून घ्यायचे आहे. मॅडम विचारतात, पंचवीसच ठोसे का? आणि मेढ्याहून आलेला, कधी तोंड न उघडणारा मुलगा अडखळत का होईना सांगू लागतो, कारण या विषयात तो अधिकारी आहे. आधी मराठीत सांगू दे, मग इंग्रजीत. विचार मराठीत नीट बसला की इंग्रजीला धरायला काहीतरी मिळते. पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१-२२ पासून कॉम्प्युटरचा पदवी अभ्यासक्रम मराठीतूनही सुरू झाला. त्या विद्यार्थ्यांनाही पुढे ड्रॉइंग, मॅन्युअल आणि कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीतच भेटणार. इंजिनिअरला आयुष्यभर दोन्ही भाषांत ये-जा करायची असते, म्हणून अभ्यासक्रमातही दोन्हींना जागा हवी.

हे सूत्र मान्य केले की दोन गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली म्हणजे वेळ. २०१८ च्या आराखड्यात पदवीचे एकूण १६० श्रेयांक आहेत, त्यातले इंग्रजीचे तीन, आणि तेही पहिल्याच वर्षी उरकून टाकलेले. त्या वेळी विद्यार्थ्याजवळ अभियांत्रिकीचे सांगण्यासारखे फारसे काही नसते. शिवाय डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुले, ज्यांच्या हाताला कामाची सवय सगळ्यांत जास्त असते, तीच या पहिल्या वर्षाच्या इंग्रजीला मुकतात. हे तीन श्रेयांक वाढवू नका, पसरवा. पहिल्या वर्षी वर्कशॉपमधल्या सूचना आणि वर्णन, दुसऱ्या वर्षी जर्नल, तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपचा अहवाल आणि पत्रव्यवहार, चौथ्या वर्षी प्रोजेक्टची मांडणी आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरे.

दुसरी गोष्ट परीक्षा. विद्यार्थी अभ्यासक्रम वाचत नाही, जुन्या प्रश्नपत्रिका वाचतो. प्रश्नपत्रिकेत 'संवादातील अडथळ्यांवर टीप लिहा' असा प्रश्न आला, तर तो अडथळे पाठ करतो, आणि पेपर देऊन बाहेर पडतो तेव्हा ते सगळे अडथळे त्याच्यात जसेच्या तसे असतात. त्याऐवजी त्याला यंत्रापाशी उभे करा आणि ते न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला लावा. सबमिशनच्या आदल्या रात्री मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवून काढायची जी रीत आहे, तीही याने मोडू शकते. एका प्रयोगाचा अहवाल जरी स्वतःच्या आकड्यांनी, स्वतःच्या वाक्यांत, समोर बसून लिहायचा ठरवला, आणि त्याला भाषेचे व विषयाचे असे दोघांनी मिळून मार्क दिले, तरी पुरे. भाषा कच्ची असेल, पण ती त्या विद्यार्थ्याची स्वतःची असेल.

सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय अभियांत्रिकी यांसारख्या स्वायत्त महाविद्यालयांना आपला अभ्यासक्रम आपणच लिहायची मुभा आहे. विद्यापीठाला बांधलेल्या कॉलेजांनाही हात बांधून बसायचे कारण नाही. परिषदेच्या त्याच सहा घटकांत वर्णन करणे, व्याख्या करणे, वर्गीकरण करणे, कामाच्या ठिकाणचा संवाद ही कलमे आहेत. त्यांच्याखाली काय वर्णन करायचे, हे ठरवणे त्या वर्गावरच्या शिक्षकाच्या हाती आहे.

म्हणून अभ्यास मंडळाच्या बैठकीत घटकांची यादी समोर आली की प्रत्येक घटकापुढे एक प्रश्न लिहावा: हे शिकून विद्यार्थी उद्या कोणते काम करू शकेल? उत्तर सापडले तर घटक ठेवावा आणि ते काम त्याच्या शेजारी लिहावे. सापडले नाही तर तो तास प्रयोगशाळेला द्यावा. मराठी शाळेतून आलेल्या मुलांकडे बुद्धी आहे, कष्टाची तयारी आहे, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सांगण्यासारखे पुष्कळ ज्ञानही जमते. ते इंग्रजीत सांगण्याची संधी त्यांना चार वर्षे सतत मिळत राहील, एवढी सोय अभ्यासक्रमाने करावी. ही सोय करणे मंडळाच्या अधिकारात आहे, आणि त्यासाठी नवी इमारत, नवे यंत्र किंवा नवा निधी लागत नाही.