मागणे आणि मिळणे

लखनौ मागे टाकून सीतापूरच्या रस्त्याने निघाले, की बख्शी का तालाब लागते. हवाई दलाच्या तळामुळे येथे सर्व प्रांतांची माणसे बदलीवर येतात. आमच्या शेजारी नगरकडचे एक ख्रिस्ती कुटुंब राहावयास आले, तेव्हा रोज सायंकाळी भिंतीपलीकडून येणारी त्यांची मराठी प्रार्थना मला प्रथम केवळ मातृभाषेच्या ओढीने सुखवीत असे. शब्दांकडे लक्ष पुढे गेले. ते गृहस्थ अगदी साध्या गोष्टी मागत: मुलाचे शिक्षण, गावाकडचा पाऊस, आणि त्या वर्षी सर्वांआधी, पत्नीच्या दुखण्याला उतार.

सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या मला हे मागणे खटके. अर्ज, शिफारस, स्मरणपत्र यांची रीत आपण कचेरीत पाहतोच. ज्याचा निर्णय आर्जवाने फिरतो, त्या अधिकाऱ्यास आपण न्यायी म्हणत नाही. मग सर्वज्ञ ईश्वराला रोज आठवण देण्याचे प्रयोजन काय? शिवाय १८५७ साली लखनौच्या रेसिडेन्सीत कोंडलेल्यांनी सुटका मागितली, तशी वेढा घालणाऱ्यांनीही आपापल्या देवाकडे जीत मागितली असेलच. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आत पोहोचला. परंतु हा धर्मनिष्ठ सेनापती २४ नोव्हेंबरला हगवणीने मरण पावला. कोणाचे मागणे ऐकले गेले म्हणावे?

हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतका क्वचितच कोणी भोगला असेल. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, दक्षिणेतील दुष्काळात, त्यांचे आईवडील अन्नान्न होऊन गेले. व्रते, उपास, दाने, सारे त्या कुटुंबाने केले होते. त्यानंतर मागणेच संपावे. पण १८८३ साली ख्रिस्ती झालेल्या रमाबाई जन्मभर मागत राहिल्या. देव बदलला आणि प्रार्थना फळली, असा सोपा निष्कर्ष येथे कोणी काढू नये. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मागून स्वस्थ बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या आणि त्यांना केडगावी आसरा दिला. भुकेल्यांसाठी तोंडाने जे मागितले, त्याचा भार त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला.

येथे कचेरीची उपमा तुटते. अर्जदार अर्ज देऊन मोकळा होतो. प्रार्थना करणारा मात्र मागितलेल्या गोष्टीशी बांधला जातो. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे, ती ‘मला’ नव्हे, ‘आम्हाला’. सकाळी हे म्हणून दुपारी दाराशी आलेल्या उपाशी माणसाला हाकलणे कठीण. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशूने जे टळावे म्हणून विनविले, ते टळले नाही.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या बाई वारल्या. आता भिंतीपलीकडे शांतता राहील, असे मी धरून चाललो होतो. परंतु दुसऱ्या सायंकाळी तोच आवाज आला, थोडा अडखळत. काही दिवसांनी, नको असताही, मी त्यांना विचारले, “एवढे मागून मिळाले नाही; तरीही?”

ते म्हणाले, “साहेब, मिळाले नाही, हेही त्यालाच सांगायला नको का? आणि रोज मागत होतो, म्हणून तर रात्री तिच्या उशाशी बसवले. नाहीतर मी केव्हाच कामाचे निमित्त काढून बाहेर पळालो असतो.”

ईश्वर मध्ये पडतो की नाही, याचा निवाडा माझ्या अधिकाराबाहेरचा आहे. परंतु ज्याच्यासाठी मागावे, त्याला सोडून जाता येत नाही, एवढे मी त्या भिंतीअलीकडे बसून शिकलो. माझ्या मागण्यात आजवर असे कोण होते, हे मात्र मला त्या दिवशी चटकन आठवेना.