कुलूपबंद कपाट आणि पुरलेले धन

शाळेच्या ग्रंथालयाचे पहिले कर्तव्य कोणते? पुस्तके सांभाळणे की वाचक घडविणे? दोन्ही, असे उत्तर आपण सहज देऊन जातो. परंतु ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या आड येतात तेव्हा कोणते मागे सारायचे, हे ठरवावेच लागते. आणि तेथेच हा कारभाराचा प्रश्न नीतीचा होतो.

अनेक शाळांत पुस्तकांचे कपाट मुख्याध्यापकांच्या दालनात असते आणि त्याला कुलूप असते. यात कुणाचा दुष्टावा नसतो. ज्या शिक्षकाकडे किल्ली असते, त्याला आपले तास सांभाळून हे काम करावे लागते. वर्षअखेरीस मोजदाद होते, आणि नोंदवहीतील आकडा जुळला नाही तर जाब त्यालाच द्यावा लागतो. हरवलेले पुस्तक तपासणीत दिसते. न वाचलेले पुस्तक मात्र कोणत्याही तपासणीत तूट म्हणून दिसत नाही.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील तिसरा सेवक येथे आठवतो. त्याने धन्याचे धन चोरले नव्हते, उधळलेही नव्हते. भीतीपोटी त्याने ते जमिनीत पुरले आणि मागताच जसेच्या तसे परत केले. त्याचा हिशेब चोख होता. तरीही तो दोषी ठरला. कारण जे वापरण्यासाठी दिले होते, ते त्याने केवळ जपले.

याचा अर्थ जपणूक व्यर्थ असा नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी सांगली नगर वाचनालयात शिरले आणि हजारो पुस्तके भिजली. ती हानी ज्यांनी पाहिली, त्यांना पुस्तक जपण्याचे मोल सांगावे लागत नाही. पण ग्रंथ गेल्याचे दुःख त्यांनाच होते, ज्यांनी ते हाताळलेले असतात. शाळेतील न उघडलेल्या कपाटाला उद्या वाळवी लागली, तर कोणते मूल हळहळेल?

सातारा जिल्ह्यात, पाचगणीजवळच्या भिलार गावी, ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावापासून प्रेरणा घेऊन, पण पुस्तके विकण्याऐवजी वाचण्यासाठी खुली ठेवून, शासनाने ही योजना आखली. प्रारंभी २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके मांडली गेली. त्यांत गावकऱ्यांची राहती घरेही होती. अनोळखी माणसाने घरात यावे, मांडणीवरचे पुस्तक घ्यावे आणि वाचत बसावे! जो विश्वास एक गाव अनोळखी पाहुण्यावर टाकते, तो शाळेने आपल्याच लेकरांवर का टाकू नये?

तथापि नुसते उघडे कपाट पुरे पडत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, डॉ. आंबेडकरांचे नाव दाखल झाले. दार उघडले, पण बसायला वेगळी जागा होती आणि पाण्याला हात लावण्यास बंदी होती. पुढे मुंबईत, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याची कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्रही भेट दिले. त्या पुस्तकाने त्याच्या मनात जे रुजले, त्याची परिणती १९५६ च्या धर्मांतरात झाली. ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्या मुलाला ‘हे घे, तुला आवडेल’ असे म्हणणारे कुणीतरी लागते. आणि असे म्हणणारा माणूस स्वतः वाचणारा असावा लागतो.

येथे आपल्या मनातील दुसरी भीती उघड होते. पुस्तक हरवेल, यापेक्षा मूल हरवेल, ही ती भीती. पुस्तक देणाऱ्याचा परिणामावर ताबा राहत नाही. १५२१ साली जखमी इग्नेशियसने लोयोलाच्या घरी शौर्यकथा मागितल्या. घरात होती ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. तेव्हा मांडणीवर काय ठेवायचे, ही जबाबदारी वडीलधाऱ्यांचीच आहे. पण इग्नेशियसवर कुणी सक्ती केली नव्हती, कुणी त्याची परीक्षा घेतली नव्हती. ख्रिस्तसभेनेही निषिद्ध ग्रंथांच्या सूचीचे कायदेशीर बंधन १९६६ साली उठविले आणि निवडीचा भार श्रद्धावंताच्या सद्सद्विवेकावर सोपविला. विवेक हा वापरानेच बळकट होतो. ज्या मुलाला पुस्तक निवडू दिले नाही, त्याने उद्या आयुष्यात नीट निवड करावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

२०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ पाळला जातो. तो चांगलाच आहे. परंतु सोळा तारखेला कपाट पुन्हा बंद झाले तर प्रेरणा कोठे जाणार? आपल्या धर्मग्रामांतील शाळांनी कपाट वर्गात आणावे, मधल्या सुट्टीत ते उघडे ठेवावे, देवघेवीची वही मुलांच्याच हाती द्यावी, आणि काही प्रती हरवतील हे गृहीत धरून शिक्षकाला त्या भुर्दंडातून मुक्त करावे. कारण आपल्याला जे सोपविले आहे ते केवळ पुस्तक नव्हे. ते मूलही आहे, आणि एक दिवस हिशेब दोघांचाही द्यावयाचा आहे.