कुणी विचारलेलं नसताना

पायपर जे-३ कब या अमेरिकी विमानात वीजव्यवस्थाच नाही. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. १९४७ मध्ये या विमानाचं उत्पादन थांबलं, तरी त्यातली पुष्कळ अजून उडतात. वैमानिक बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा रेडिओ सोबत घेतो आणि त्याला हेडसेट जोडतो, कारण इंजिनाच्या घरघरीत नुसत्या कानाला काही कळत नाही. रेडिओची ताकद जेमतेम काही वॅट. आखूड रबरी अँटेना पोलादी सांगाड्याच्या आत राहिली तर आवाज लांब जात नाही. बाहेरच्या अँटेनाला जोडला की पुष्कळ फरक पडतो.

अशी विमानं जिथे उतरतात, त्यातल्या कितीतरी धावपट्ट्यांवर नियंत्रण मनोरा नसतो. बहुतेक ठिकाणी रेडिओची सक्तीही नसते. तरी वैमानिक बोलतो: कुठली धावपट्टी, आपलं विमान कोणतं, आत्ता कुठे आहे, पुढे काय करणार. ऐकायला कुणी आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. मला हे बोलणं फार मोलाचं वाटतं. एरवी आपण काही हवं असलं की बोलतो, नाहीतर कुणी विचारलं म्हणून. इथे न दिसणाऱ्या अनोळखी माणसाला आपला ठावठिकाणा आपणहून कळवायचा असतो.

त्यात धावपट्टीचं नाव दोनदा येतं, सुरुवातीला आणि शेवटी. १२२.८ मेगाहर्ट्झसारखी एकच फ्रिक्वेन्सी अनेक धावपट्ट्या वापरतात, आणि उंचावर दूरदूरची बोलणी कानावर येतात. पहिल्यांदा नाव निसटलं तर शेवटी सापडावं. ऐकणाऱ्याची केवढी ही काळजी!

बोलण्यासाठी रेडिओचं बटण दाबलेलं असेतो मात्र स्वतःला काही ऐकू येत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर बाकीच्यांना नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते. १९७७ मध्ये तेनेरीफ बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली. त्या अपघाताची कारणं अनेक होती; पण एकाच वेळी निघालेले दोन संदेश त्या शिट्टीत बुडाले, हे त्यातलं एक. म्हणून आधी ऐकायचं, मगच बटण दाबायचं.

आणि रेडिओ नसलेलं विमानही त्याच धावपट्टीकडे रीतसर येत असू शकतं. त्याला यातलं काहीच ऐकू जाणार नाही. त्याच्यासाठी सांगून झाल्यावरही डावी-उजवीकडे बघत राहावं लागतं. कबमध्ये जरा जास्तच, कारण एकटा वैमानिक मागच्या सीटवर बसतो आणि तिथून समोरचं नीट दिसत नाही.