बसून राहणारी गांधीलमाशी

भिवंडीजवळील अंजूर गांवीं गेल्या वैशाखांत एका परिचितांच्या घरीं आम्ही उतरलों होतों. गांव उल्हास नदीच्या खाडीपासून फार दूर नाहीं. एके काळीं या बाजूस चोहोंकडे भाताचीं खाचरें होतीं. आतां मुंबईच्या मालाचीं गोदामें शेतांतून उभीं राहिलीं आहेत, आणि रात्रंदिवस अवजड मालमोटारींची रीघ लागलेली असते. तथापि कांहीं जुन्या घरांच्या वळचणी अजून शाबूत आहेत, आणि वळचणीस गांधीलमाश्यांचीं पोळीं लागण्याचेंही राहिलेलें नाहीं. आम्ही ज्या ओटीवर बसलों होतों तिच्या वरच असें एक पोळें होतें, आणि पुढील सर्व हकीकत त्याच्यावरूनच निघाली.

संध्याकाळीं त्या ओटीवर आळींतील पांचसात घरकरी जमले. पावसापूर्वीं विहिरीचा गाळ काढावयाचा होता. हें काम प्रतिवर्षीं सर्व घरांनीं मिळून करावें असा तेथील प्रघात आहे. (नळ आल्यापासून विहिरीकडे दुर्लक्ष झालें होतें खरें, पण नळ कोरडा पडला म्हणजे विहिरीची आठवण सर्वांसच होते.) तंटा असा होता कीं, आळींतील एक गृहस्थ तीन वर्षें कामास आला नव्हता. तो आजारी नाहीं, म्हातारा नाहीं, व्यसनीही नाहीं. आपल्या ओट्यावर स्वस्थ बसून असतो. एका तरुणानें यजमानांस विचारलें, "दादा, जो टोपली उचलीत नाहीं त्यानें पोहरा तरी कां बुडवावा?" बहुतेकांनीं माना डोलावल्या. त्या घरास विहीर बंद करावी, येथपर्यंत गोष्ट आली. पाणी बंद करणें हे शब्द आपल्या देशांत किती कडू आहेत, हें १९२७ सालच्या महाडच्या तळ्याची हकीकत ज्यांस ठाऊक आहे त्यांस निराळें सांगावयास नको. पण रागाच्या भरांत कोणास तें आठवलें नाहीं.

मग त्या तरुणानेंच वर बोट केलें. "हें पोळें पहा. यांत एक तरी माशी ऐतखाऊ आहे काय? सर्व राबतात, म्हणून पोळें वाढतें. माणसाला मात्र अक्कल नाहीं."

या प्रश्नाचें उत्तर योगायोगानें आम्हांस थोडेंफार ठाऊक होतें, म्हणून आम्ही मध्यें बोललों.

आपल्याकडे घरोघर दिसणारी तांबूस अंगाची, पोटावर पिवळा पट्टा असलेली जी गांधीलमाशी, तिच्याविषयीं आपल्याच देशांत पुष्कळ बारकाईनें शोध झालेला आहे. माधव गाडगीळ व अनिल महाबळ यांनीं १९७४ सालीं तिच्या पोळ्यांतील दर्जाभेदाविषयीं लेख प्रसिद्ध केला. पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील राघवेंद्र गदगकर व एन. व्ही. जोशी यांनीं पोळ्यांतील प्रत्येक माशीवर रंगाचे निरनिराळे ठिपके दिले, म्हणजे प्रत्येकीस जणूं एकेक नांव दिलें, आणि कोणती माशी आपला वेळ कशांत घालविते याची तासन्‌तास नोंद ठेविली. दुरून पाहणाऱ्यास सर्व माश्या सारख्याच. अंगलटींत भेद नाहीं. राणीही इतरांपेक्षां मोठी नाहीं. परंतु १९८३ सालीं त्यांनीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला त्यांत एकाच पोळ्यांत तीन वृत्तींच्या माश्या आढळल्या. कांहीं बाहेर जाऊन अळ्या-किडे, पाणी व घराचा कागद करण्यासाठीं लांकडाचा लगदा आणणाऱ्या. कांहीं मिशा उभारून सावध राहणाऱ्या व सोबतिणींवर धांवून जाणाऱ्या, म्हणजे भांडखोर. आणि कांहीं बहुतेक वेळ नुसत्या बसून अंग पुसणाऱ्या.

येथें त्या तरुणानें विचारलें, "मग राणी त्या भांडणाऱ्यांतली असेल?"

तसें नाहीं. या जातीची राणी बसणाऱ्यांत सांपडली. ती कोणास मारीत नाहीं, कोणास हांकीत नाहीं. आणि तरी पोळ्यांतील सर्व संतति तिचीच. त्यांतही गंमत अशी कीं, हिच्याच जवळच्या दुसऱ्या एका जातींत राणी भांडखोरांपैकीं असते. तेव्हां निसर्गानें एकच नियम घालून दिला आहे असेंही म्हणतां येत नाहीं. राणीस पोळ्यांतून काढून घेतलें तर थोड्याच वेळांत एक कामकरी माशी एकाएकीं अत्यंत आक्रमक होते. दिवसागणिक तिचा तो आवेश ओसरतो, आणि सुमारें आठवड्यानें ती शांत होऊन अंडीं घालूं लागते. ती कोण होईल हें आधींच्या वागणुकीवरून पाहणारांस ओळखतां आलें नाहीं.

माश्यांचें जाऊं द्या, मुंगी तर उद्योगाचा आदर्शच, असें कोणी म्हणेल. आळशी मनुष्यास मुंगीकडे पाठविणारा शलमोन आमच्या वाचकांस परिचित आहे. तिला कोणी नायक नाहीं, मुकादम नाहीं, हें त्यानें जें सांगितलें तें आजचें शास्त्रही मान्य करितें. परंतु मुंग्यांच्या वारुळांत आळशी मुंग्या पुष्कळ असतात, हें अलीकडे कळून आलें आहे. अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वसाहतींतील फार खपणाऱ्या मुंग्या काढून घेतल्या, तेव्हां स्वस्थ बसणाऱ्यांपैकीं कित्येक कामास लागल्या व तूट भरून निघाली. उलट स्वस्थ बसणाऱ्या काढून घेतल्या, तेव्हां त्यांची जागा कोणीं घेतली नाहीं. जपानांतील होक्काइदो विद्यापीठाच्या हासेगावा यांनीं त्यापूर्वींच, २०१६ सालीं, असें दाखविलें होतें कीं, सर्वच मुंग्या एकदम खपूं लागल्या तर एकदम थकतील, आणि अंड्यांची निगा राखण्यासारखें क्षणभरही न थांबवितां येणारें काम उघडें पडेल. म्हणून ज्यांस कामाची चाहूल उशिरा लागते अशा मुंग्या असणें हेंच वारुळाच्या दीर्घायुष्याचें साधन ठरतें.

मधमाश्यांचें उदाहरण आम्हांस याहूनही अधिक पटण्यासारखें वाटतें. पिलांच्या पोळ्यांत उष्णता सुमारें ३५ अंशांच्या आसपास राखावी लागते. ती वाढली कीं कामकरी माश्या पंख हलवून वारा घालूं लागतात. राणीचा दहा किंवा अधिक नरांशीं संबंध येत असल्यानें एकाच पोळ्यांतील बहिणी निरनिराळ्या बापांच्या असतात. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००४ सालीं दाखविलें कीं, एका बापाच्या लेकी थोड्याशा उष्म्यानेंच पंख हलवूं लागतात, दुसऱ्याच्या लेकी बऱ्याच उशिरानें. त्यामुळें वारा बेताबेतानें वाढतो व बेताबेतानें कमी होतो. जेथें सर्व लेकी एकाच बापाच्या, तेथें सर्व एकदम उठतात, पोळें वाजवीपेक्षां थंड करितात, एकदम थांबतात, आणि पोळें पुन्हां तापतें. म्हणजे जिला आपण उतावळी म्हणूं ती आणि जिला मंद म्हणूं ती, अशा दोघी असल्या तरच पिलें सुखरूप. ज्या सभेंत सर्वांचीं डोकीं एकाच क्षणीं तापतात ती सभा आम्हीं पाहिलेली आहे. आमच्या वाचकांनींही पाहिली असेल.

यजमानांनीं यास अंजूरचेंच प्रमाण जोडलें. या गांवच्या गंगाजी नाईकांचें नांव इतिहासांत आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील साष्टी व वसई प्रांतावर स्वारी व्हावी म्हणून त्यांनीं व त्यांच्या बंधूंनीं पेशव्यांकडे अनेक वर्षें खटपट केली. १७३७ सालीं मोहीम निघाली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. यजमान म्हणाले, "गंगाजी नाईक धांवणाऱ्यांतले. पण ते वर्षानुवर्षें धांवत असतां त्यांच्या घरचें भात कोणीं लावलें, गुरें कोणीं पाहिलीं, त्यांचें नांव कोठें आहे?" खरेंच आहे. बखरकाराची लेखणी धांवणाऱ्याच्या व लढणाऱ्याच्या मागें जाते. माश्यांवर ठिपके देणाऱ्यांनीं बसणारीचीही तितकीच नोंद ठेविली, म्हणूनच तिची योग्यता त्यांस कळली.

येथपर्यंत आमचें म्हणणें सर्वांस रुचलें, आणि आम्हीही मनांतून थोडेसे खूष झालों होतों. इतक्यांत दारांत बसलेल्या एका विधवा बाईनें प्रश्न केला. तिचा मुलगा तिच्या शेजारींच होता. त्याचें वय पंचविशीचें असेल. जन्मापासून त्यास समज थोडी, व हाताला काम साधत नाहीं. ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या या माश्यांत माझा मुलगा कोणता?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही इतका वेळ त्या बसणाऱ्या गृहस्थाची बाजू घेत होतों, परंतु कोणत्या आधारावर? तो आज निरुपयोगी दिसला तरी उद्यां उपयोगी पडेल, या आधारावर. हें त्यास दिलेलें अभय नव्हे. पुढील फायद्यावर काढलेली हुंडी होय. आणि ज्याच्या नांवें अशी हुंडी कधींच निघणार नाहीं, त्यास आमच्या युक्तिवादांत जागाच उरली नव्हती. मधमाश्यांच्या घरचा हिशेब तर उघड आहे: टंचाईचे दिवस आले कीं कामकरी माश्या नरांस पोळ्याबाहेर ओढून काढतात व ते उपाशी मरतात. पोळें हाच आपला कायदा मानला तर तोही भाग मानावा लागेल. सोईचा तेवढा दाखला घ्यावयाचा व गैरसोईचा झांकून ठेवावयाचा, हें प्रामाणिकपणाचें नाहीं.

आम्हांस वाटतें, येथें दोन प्रश्न एकांत एक गुंतलेले आहेत. समूहास एकाद्यापासून काय मिळतें, हा एक. समूह त्याचें काय देणें लागतो, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर निरीक्षणानें मिळतें, आणि निरीक्षण बारीक असेल तर आपण किती घाईनें दुसऱ्यास ऐतखाऊ ठरवितों हें कळून लाज वाटते. दुसऱ्याचें उत्तर कितीही ठिपके दिले तरी पोळ्यांत सांपडावयाचें नाहीं. माशी पोळ्याचा अवयव आहे. एक गेली, दुसरी आली, पोळें तेंच. मनुष्य कुटुंबाचा, आळीचा, मंडळीचा अवयव आहे खरा, पण तेवढाच नाहीं. शंभर मेंढरांच्या दृष्टांतांतील मेंढपाळाचा हिशेब कोणत्याही वखारींत चुकीचाच ठरेल. नव्व्याण्णव सोडून एकामागें जाण्यांत कळपाचा फायदा काय, असें त्यास कोणी विचारलें असतें तर त्यास तो प्रश्नच कळला नसता. त्या बाईच्या मुलाचा विहिरीवरील हक्क त्याच्या हातांच्या कामावर अवलंबून नव्हता, आणि हें ओटीवरील प्रत्येकास ठाऊक होतें. कारण त्याचें पाणी बंद करावें असें आजपर्यंत कोणाच्या स्वप्नांतही आलें नव्हतें. मग दुसऱ्याचा हक्क मात्र टोपल्या मोजून ठरवावयाचा, हें कसें?

त्या तरुणाच्या रागांत न्यायाचा अंश नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. धडधाकट मनुष्यानें शेजाऱ्याच्या घामाचें पाणी प्यावें व स्वतः हात हलवूं नये, हा दोषच आहे, आणि "माझा स्वभावच असा" हें त्याचें उत्तर होऊं शकत नाहीं. माशीस कोणी दोष देत नाहीं, कारण तिला विचारतां येत नाहीं. मनुष्यास विचारतां येतें. आणि म्हणूनच दोष देण्यापूर्वीं विचारावें लागतें. आम्हीं पुसलें, "तीन वर्षांत तो कां येत नाहीं हें विचारावयास त्याच्या घरीं कोणी गेलें होतें काय?" सर्वांनीं एकमेकांकडे पाहिलें. कोणीच गेलेलें नव्हतें. त्याचें घर त्या ओटीवरून दिसत होतें.

विहीर बंद करण्याची गोष्ट त्या रात्रीं पुन्हां निघाली नाहीं. सकाळीं आम्ही निघालों तेव्हां तो तरुण त्या घराकडे जातांना दिसला. काय बोलणें झालें तें आम्हांस कळलें नाहीं, व तें विचारण्याचा आमचा अधिकारही नव्हता.

ज्येष्ठाच्या आरंभीं यजमानांचें पत्र आलें. विहिरीचा गाळ निघाला. तो गृहस्थ आला होता. खालीं उतरला नाहीं, काठावर उभा राहून दोर ओढीत होता. त्याच्या मागें त्या बाईचा मुलगा दोराचें टोंक दोन्ही हातांनीं घट्ट धरून बसला होता. तें टोंक आधींच खांबास पक्कें बांधलेलें होतें; पण दिवसभर कोणीं त्यास तें सांगितलें नाहीं. वळचणीचें पोळें काढावें कीं राहूं द्यावें याविषयीं घरांत अजून दोन मतें आहेत, असें यजमानांनीं शेवटीं लिहिलें होतें.