आधी तुमचं होऊ द्या

एस.टी.ची खिडकी आणि माणसाचा स्वभाव यांचं नातं फार जुनं आहे. परभणीच्या स्टँडवर गंगाखेडची गाडी लागते न लागते, तोच चार रुमाल, दोन पिशव्या आणि एक किरकोळ अंगाचं पोर खिडकीतून आत पोचलेलं असतं. यातलं कोणीही दुष्ट नसतं. 'थांबलो तर जागा मिळायची नाही' एवढीच धास्ती. मग सगळेच दारात अडकतात, आणि आत बाकं रिकामी!

संगणक तरी शहाणे असतील म्हणावं, तर तेही आपल्याच वळणावर गेलेले. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीची एक प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातली संगणकांची वाहतूक एकाएकी तुंबली. अंतर अवघं ४०० वार. सेकंदाला ३२,००० बिट जायचे, तिथे ४० जाऊ लागले. म्हणजे जेमतेम पाच इंग्रजी अक्षरं! शिपायाच्या हाती चिठ्ठी दिली असती, तर तो वाटेत चहा पिऊनही आधी पोचला असता.

व्हॅन जेकबसन या संशोधकाने दुखणं शोधलं. माहितीचं पुडकं पाठवल्यावर पोच आली नाही, की संगणक घाबरून तेच पुडकं पुन्हा पाठवत होते. गर्दी वाढे, पोच आणखी लांबे, की पुन्हा पाठवा! जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी वाट रुंद केली नाही. पाठवणाऱ्याला शिस्त लावली. आधी एकच पुडकं पाठवायचं. पोच आली की दोन, मग चार. एखादं हरवलं, की गर्दी झाली असं समजून पुन्हा एकावर यायचं, आणि मागच्या वेगाच्या निम्म्यावर पोचल्यावर तर फारच जपून पाऊल टाकायचं. पुढे यात पुष्कळ सुधारणा झाल्या. पण गर्दी दिसली की आपण हात आखडायचा, हे सूत्र टिकलं.

खरी गंमत पुढेच आहे. १९८९ मध्ये बर्कलीने हा आज्ञासंच सर्वांना खुला केला : घ्या, वाचा, हवा तर बदला. म्हणजे सभ्यपणाच्या त्या चार ओळी खोडून कोणालाही पुढे घुसता आलं असतं. पहारा करायला पोलीस नव्हता. तरी बहुतेकांनी त्या तशाच ठेवल्या. सद्गुणामुळे? छे! बहुतेकांना त्या आहेत हेच ठाऊक नव्हतं. मग न कळत पाळलेल्या सभ्यतेला सभ्यता म्हणायचं का? मी म्हणतो, खुशाल म्हणावं. आपल्यालाही 'आधी पाहुण्यांना वाढ' हे आईनेच शिकवलेलं असतं. आपण कुठे त्यावर चिंतन केलेलं असतं?

अडतं ते निराळ्याच ठिकाणी. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर चालून परभणीकडे येतो. वरचा शेतकरीही धास्तीनेच ऊस भिजवून घेतो : पुढची पाळी कधी मिळेल कोण जाणे! पाणी शेपटापर्यंत पोचत नाही, ही टेलच्या शेतकऱ्याची ओरड जुनीच आहे. संगणकांच्या जाळ्यात घाई केली, की घाई करणाराही अडकतो. म्हणून तिथला शहाणपणा स्वस्त. कालव्यावर मात्र खालचा वाळला म्हणून वरचा ऊस सुकत नाही.

जिथे थांबण्यात आपला काडीचाही फायदा नाही, तिथे थांबणं हीच खरी नीती. तिची दुरुस्ती कोणत्याही आज्ञासंचात मिळत नाही. तिथे वरच्यालाच म्हणावं लागतं, 'आधी तुमचं होऊ द्या.'