विश्वासरावांना न लागलेली गोळी

मराठी विज्ञानकथेतले सर्वांत परिणामकारक शस्त्र म्हणजे बंदुकीची एक साधी गोळी, असे माझे मत आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती पेशवेपुत्र विश्वासरावांना चाटून निघून जाते. त्यामुळे पानिपतची १७६१ ची लढाई मराठे जिंकतात आणि कथानायक गंगाधरपंत एका निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. झाडलेली गोळी कुठे पोचेल ते न्यूटनचे नियम सांगतात, इलेक्ट्रॉनबद्दल मात्र तसे ठामपणे सांगता येत नाही, हा भेद त्या कथेच्या मुळाशी आहे. शस्त्र तिथे नुसत्या शोभेला आलेले नाही. सगळी कथाच त्याच्यावर उभी आहे.

या शिस्तीचे मूळ मला वाराणसीत दिसते. नारळीकरांचे वडील विष्णु वासुदेव हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. जयंतराव तिथेच वाढले आणि १९५७ मध्ये तिथूनच बी.एस्सी. झाले. घरातल्या फळ्यावर मामा भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानेपर्यंत, फळा पुसला जात नसे. अशा घरात वाढलेला लेखक हिशेबाशिवाय शस्त्र चालवणार नाही.

किरणांची शस्त्रे मात्र बहुधा हिशेबाशिवायच चालतात. एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांनी १८९८ मध्ये उष्णताकिरण सोडला, त्यानंतर बटण दाबले की शत्रूची राख, हा संकेतच होऊन बसला. मला तो आळस वाटतो. गोळीचा हिशेब तरी सरळ असतो. एके-४७ च्या गोळीचे वजन सुमारे आठ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ७०० मीटर, म्हणजे ऊर्जा जवळपास २००० जूल. ही सगळी ऊर्जा एका क्षणात एका जागी उतरते. काडतुसातल्या दारूला बाहेरची हवा लागत नाही, त्यामुळे बंदूक अवकाशातही चालेल. भारताने २७ मार्च २०१९ रोजी स्वतःचा उपग्रह पाडला तोही किरणाने नव्हे, थेट धडकेने.

किरणाचे गणित याहून अवघड आहे, आणि म्हणूनच लेखकाच्या कामाचे. डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलजवळ ३० किलोवॉटच्या लेझर शस्त्राची चाचणी घेतली. असा झोत सेकंदाला ३०,००० जूल ओततो, म्हणजे वरच्या हिशेबाने पंधरा गोळ्यांइतके. पण तो सेकंदभर एकाच ठिपक्यावर रोखून धरावा लागतो. झोत निर्माण करताना तयार होणारी उष्णताही कुठेतरी टाकावी लागते, आणि अवकाशात ती वाहून न्यायला हवा नसते. शिवाय झोत अंतराबरोबर पसरतो. दहा सेंटिमीटरच्या भिंगातून निघालेला अवरक्त किरण हजार किलोमीटरवर वीस-पंचवीस मीटर रुंद होतो. पृथ्वीवर तर पौषातले बनारसचे धुकेच त्याला नामोहरम करील. गोळी त्याच धुक्यातून आरपार जाईल.

आपल्या नव्या विज्ञानकथाकारांनी या अडचणी झाकू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गंगेवर धुके उतरले आहे, एक ड्रोन घाटांच्या दिशेने येत आहे, लेझर चालवणाऱ्या मुलीला झोत एका ठिपक्यावर तीन सेकंद धरायचा आहे आणि यंत्र तापत चालले आहे. त्या तीन सेकंदांत ड्रोनने कूस बदलली तर तिने काय करायचे? ही कथा मला वाचायची आहे.